शेवट न ठरलेला काळ



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इतिहास शिकवत. त्यांच्या वर्गात बसलेली कितीतरी माणसं आज समोर दिसताहेत. म्हणून सिनेमावर बोलायचं ठरल्यावर मी असा विषय निवडला, जो इतिहासाच्या शिक्षकालाही आपला वाटला असता. एकाच चित्रपटात दोन, तीन, कधी चार वेगवेगळ्या काळांच्या गोष्टी एकमेकींत गुंफून सांगायच्या, असं दिग्दर्शकाला का वाटतं? ते केव्हा साधतं आणि केव्हा फसतं? आणि आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट पडद्यावर आणायची तर याच वाटेने जावं लागेल, असं मला का वाटतं? या शेवटच्या प्रश्नासाठीच मी इथे आले आहे. पण तिथे पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

सुरुवातीला एक फरक स्पष्ट करते. म्हातारा नायक खिडकीशी बसतो, जुना फोटो हातात घेतो आणि पडद्यावर त्याचं बालपण सुरू होतं. हा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यात भूतकाळ वर्तमानाच्या चाकरीत असतो. आजच्या माणसाचा स्वभाव असा का झाला, एवढं सांगून तो निघून जातो. मी ज्या चित्रपटांबद्दल बोलणार आहे, त्यांत भूतकाळ कुणाची आठवण म्हणून येत नाही. १५७२ सालची पॅरिसमधली मुलगी १९१६ सालच्या अमेरिकन मुलीला आठवण्याचं कारणच नाही. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, कधी भेटणार नाहीत. मग त्यांना जोडतं कोण? अंधारात बसलेला प्रेक्षक. जोडण्याचं सगळं काम त्याच्यावर सोपवलेलं असतं.

आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड, आणि त्यावर लिहिलेलं ‘पंचीकरण’. ती एका नजरेत मावत नाही. तिच्या कडेकडेने पुढे सरकावं लागतं, आणि मागे सरलेलं मनात धरून ठेवलं नाही तर पुढचं कळत नाही. या चित्रपटांचं पाहणं असंच आहे.

आता वळसा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्यानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९१६ मध्ये, अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ आला. मूकपट, लांबी तीन तासांच्या आसपास. त्याच्या आदल्या वर्षी या दिग्दर्शकाने ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ नावाचा चित्रपट केला होता. त्यात काळ्या लोकांविषयी विष होतं आणि कू क्लक्स क्लॅन या टोळीचा गौरव होता. हे सांगितल्याशिवाय ग्रिफिथची स्तुती करू नये, म्हणून सांगितलं. पण ‘इन्टॉलरन्स’मध्ये त्याने जे केलं, ते तोवर कुणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलं नव्हतं. त्याने चार गोष्टी घेतल्या. इराणी सम्राट सायरसच्या हाती पडलेलं बॅबिलॉन. येशूचा क्रूस. १५७२ सालची पॅरिसमधली प्रोटेस्टंटांची कत्तल. आणि चौथी त्याच्या स्वतःच्या काळातली: गिरणीत संप होतो, गोळीबार होतो, गरीब जोडपं शहरात येतं, आणि न केलेल्या खुनासाठी नवऱ्याला फाशीची शिक्षा होते.

या चार गोष्टींत नात्याचा धागा नाही. मधूनमधून पाळणा हलवणारी एक बाई दिसते, लिलियन गिश ही नटी. तेवढाच दुवा. मूळ प्रतींत प्रत्येक काळाला वेगळ्या रंगाची झाक दिली होती, प्रेक्षक हरवू नये म्हणून. सुरुवातीला प्रत्येक काळात आपण बराच वेळ थांबतो. शेवट जवळ येतो तशी दृश्यं आखूड होत जातात. बॅबिलॉनला सावध करायला एक मुलगी रथ पिटाळते आहे. पॅरिसच्या गल्ल्यांतून एक तरुण आपल्या वाग्दत्त वधूला वाचवायला धावतो आहे. येशू टेकडी चढतो आहे. आणि निरपराध नवऱ्याची फाशी थांबवावी म्हणून एक मोटार गव्हर्नरच्या आगगाडीचा पाठलाग करते आहे. रथ, धावणारे पाय, क्रूस, मोटार. पुन्हा रथ, पुन्हा मोटार.

आता मला सांगा, यांतल्या किती शर्यतींचा निकाल आपल्याला आधीच माहीत आहे? तीन. बॅबिलॉन पडलंच. येशूला खिळलंच. पॅरिसमध्ये कत्तल झालीच. रथ कितीही वेगाने धावला तरी इतिहासाच्या पुस्तकातला निकाल बदलत नाही. चौथ्या गोष्टीचा निकाल मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. आणि तिथे मोटार आगगाडी गाठते, माफीचा हुकूम मिळतो, फासावर चढवलेला नवरा खाली उतरतो.

हे नुसतं सुखान्ताचं समाधान नाही. मला तर या सगळ्या प्रकाराचं मर्मच त्यात दिसतं. तीन काळ बंद झालेले आहेत आणि एक अजून उघडा आहे. तीन वेळा उशीर झालेला आपण पाहिलेला असतो, म्हणूनच चौथ्या वेळी आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. चौथी गोष्ट एकटीच दाखवली असती तर ती साधी थरारकथा झाली असती. पुढे पैशांची भरपाई व्हावी म्हणून ग्रिफिथने यांतल्या दोन गोष्टी सोडवून १९१९ मध्ये स्वतंत्र चित्रपट म्हणून दाखवल्याही. इतिहासाला तो चौपदरी चित्रपटच लक्षात राहिला. धंद्यात तो सपशेल पडला होता, रशियातल्या तरुण दिग्दर्शकांनी मात्र त्याचा बारकाईने अभ्यास केला.

याच घराण्यातला अलीकडचा चित्रपट म्हणजे २००२ सालचा ‘द अवर्स’, मायकल कनिंगहॅमच्या कादंबरीवर स्टीफन डाल्ड्रीने केलेला. तीन बाया आणि तिघींच्या आयुष्यातला एकेक दिवस. १९२३ साली इंग्लंडमध्ये व्हर्जिनिया वूल्फ ‘मिसेस डॅलोवे’ लिहिते आहे. १९५१ साली लॉस एंजेलिसमध्ये लॉरा नावाची गरोदर गृहिणी ती कादंबरी वाचते आहे. २००१ साली न्यूयॉर्कमध्ये क्लॅरिसा नावाची बाई आजारी कवीमित्रासाठी मेजवानीची तयारी करते आहे, म्हणजे त्या कादंबरीतल्या नायिकेसारखाच तिचा दिवस चालला आहे. एक लिहिते, एक वाचते, एक जगते. फिलिप ग्लासचं संगीत एका काळात सुरू होतं आणि दृश्य बदललं तरी थांबत नाही. तिघी एकाच सकाळी उठल्यासारख्या वाटतात.

घरात सगळं आहे, नवरा चांगला आहे, मुलगा गोड आहे, आणि तरीही या बाईला जगणं सोसत नाही, हे १९५१ सालच्या घरात कुणाला सांगता आलं असतं? लॉरा कुणालाच सांगू शकत नाही. पण पडद्यावर तिच्या आधी व्हर्जिनिया आहे आणि नंतर क्लॅरिसा आहे. शेजारी त्या दोघी असल्यामुळे तिचं दुःख आपल्याला ऐकू येतं. एकाकी माणसाला दुसऱ्या काळातली सोबत देता येते, हे या चित्रपटाने मला शिकवलं. तैवानच्या हौ श्याओ-श्येनने २००५ साली ‘थ्री टाइम्स’मध्ये वेगळी वाट धरली. १९६६, १९११ आणि २००५ अशा तीन प्रेमकथा त्याने एकामागून एक मांडल्या, आणि तिन्हींत नट-नटी तीच ठेवली. १९११चा भाग तर मूकपटासारखा, संवाद अक्षरांच्या पाट्यांवर. तेच चेहरे, आणि प्रत्येक काळात त्यांना बोलायची मुभा वेगळी.

आता आपल्याकडे येते. मराठीत काळाशी सर्वांत गंभीरपणे झोंबलेलं नाव कोणतं, असं विचारलं तर मी सुमित्रा भावे म्हणेन. समाजकार्यातून त्या सिनेमात आल्या. १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला आणि पुढे सुनील सुकथनकरांच्या साथीने ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत काम करत राहिल्या. २००२ सालच्या ‘वास्तुपुरुष’मध्ये कूळकायद्यानंतर खचत गेलेलं देशपांडे घराणं आहे आणि पुष्कळ वर्षांनी मोठा डॉक्टर होऊन त्या घराकडे वळलेला मुलगा आहे. रूढ अर्थाने तो स्मरणाचाच चित्रपट. पण त्यातला वाडा आठवणीसारखा धूसर होत नाही. तिथली भूक, तिथली प्रतिष्ठा, तिथली आई, सगळं आजच्याइतकंच ठणठणीत समोर उभं राहतं. २०१३ सालची ‘संहिता’ आणखी पुढे गेली. आजच्या काळातली एक माहितीपटकार संस्थानी काळातल्या राजा, राणी आणि गायिकेच्या कथेवर पटकथा लिहिते आहे, आणि लिहिता लिहिता दोन्ही काळ एकमेकांत शिरतात. त्या चित्रपटाच्या संगीताला आणि आरती अंकलीकर-टिकेकरांच्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. जुन्या गोष्टीचा शेवट कसा करायचा, यावर आजची माणसं भांडतात. गेलेल्या माणसांचं काय करायचं, हा प्रश्न जिवंत माणसांचा होतो.

आणि मग ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण माती, घरं, माणसं, भीती सगळं मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला, आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा मोठी गर्दी झाली. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं, गोष्ट मात्र निराळी. तिला नारायण धारपांच्या भयकथेची पार्श्वभूमी आहे. भयपट म्हणून तो पाहिला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी तो पाहिला एका घराण्याची तीन काळांतली शोकांतिका म्हणून.

पहिला भाग १९१८चा. कोकणातलं गाव, न थांबणारा पाऊस, सरकारांचा वाडा, त्या वाड्यात राबणारी विधवा आई, तिची दोन मुलं, आणि साखळीला बांधलेली एक शापित म्हातारी. दुसऱ्या भागात मोठा झालेला विनायक परत येतो, वाड्याच्या पोटातल्या विहिरीत उतरायला शिकतो आणि तिथल्या हस्तर नावाच्या शापित देवाकडून सोन्याच्या मुद्रा लुटत राहतो. तिसऱ्या भागात १९४७ साल. देश स्वतंत्र होतो आहे, वाडा नव्या सरकारच्या ताब्यात जाणार आहे, आणि विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, त्याच विहिरीत उतरायला शिकवतो आहे. बाप मुलाला पोहायला शिकवतो, शेती शिकवतो. इथे बाप मुलाला हाव शिकवतो.

इंग्रजांचं राज्य जातं, पण विहीर तिथेच असते. सत्ता बदलते, हाव बदलत नाही. ज्या मुलाने पांडुरंग साकारला, मोहम्मद समद, त्यानेच मुखवट्याच्या थराखाली ती शापित म्हातारी साकारली आहे. घराण्याचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक एकाच देहात. हे प्रेक्षकाला पडद्यावर कुणी सांगत नाही, आणि तरी घरी गेल्यावरही ते मनात काम करत राहतं.

शेवट ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल. विनायक स्वतः शापित होऊन बाहेर येतो आणि ज्यासाठी सगळं केलं ते सोन्याचं गाठोडं मुलापुढे करतो. पांडुरंग रडतो. पण घेत नाही. बापाला आग लावतो आणि निघून जातो. ग्रिफिथच्या मोटारीपासून हे दृश्य किती दूर आहे! तरी जागा तीच आहे. दोन काळांत जे घडायचं ते घडून गेलं. तिसऱ्या काळातल्या मुलापुढे निवड उरते, आणि तो निवड करतो.

आता बीड.

‘तुंबाड’मध्ये पाऊस हा शाप आहे. आपल्याकडे नेमकं उलट. आणि विहीर आपल्याकडेही आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८२च्या सुमाराला सलाबतखानाने बांधवली. तिचं पाणी जमिनीखालच्या वाटेने दूरच्या शेतांना मिळत आलं. त्या विहिरीकाठी उभं राहिलं की एक प्रश्न सुचतो. चारशे वर्षांपूर्वी ज्या भागात पाण्याची एवढी नेमकी समज होती, तिथल्या माणसाला २०१६ साली टँकरमागे का धावावं लागलं? सरळ एका काळात सांगितलेली गोष्ट या प्रश्नाला हात घालू शकत नाही. ती एवढंच सांगेल की पाऊस पडला नाही आणि टँकर आला.

आपल्या जिल्ह्यावर येणारं प्रत्येक संकट बातमीत पहिल्यांदाच आल्यासारखं येतं. दुष्काळ पडला की कॅमेरे येतात, भेगाळलेली जमीन दाखवतात, निघून जातात. पुढच्या दुष्काळात तेच. बीडच्या माणसाला स्वतःचा भूतकाळ पडद्यावर कुणी दिलेलाच नाही. मुकुंदराजांच्या समाधीचा हा परिसर, १९३५च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थांनी जिथे राष्ट्रीय शिक्षणाचं काम केलं ती ही योगेश्वरीची शाळा. पण सिनेमात बीड म्हणजे काय? कोरडी जमीन आणि गुन्हेगारी. हे मला सहन होत नाही, आणि तुम्हालाही होऊ नये.

समजा असा चित्रपट करायचा आहे. कोणते काळ घ्याल? मी तीन घेईन.

पहिला १९४८. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने. सरकारी दफ्तर उर्दूत, घरातली भाषा मराठी, बाजारात दखनी. रझाकारांची दहशत, सीमेवरच्या छावण्यांत गेलेली तरुण पोरं, १३ सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबरची मुक्ती. हे सगळं आलंच पाहिजे. पण कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं, तेही आलं पाहिजे. पंडित सुंदरलालांच्या समितीने त्याचा अहवाल सरकारला दिला होता, आणि तो अनेक दशकं प्रसिद्ध झाला नाही. मुक्तीचा आनंद खरा आहे. ते दुःखही खरं आहे. दोन्ही दाखवायची हिंमत नसेल तर १९४८ला हात लावू नये.

दुसरा १९७२. तुमच्यातल्या साठीपुढच्या माणसांना सांगायला नको. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबंडिंग, परदेशातून आलेली लाल मिलो, पोरांना सुकडी. त्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना फोफावली, वि. स. पाग्यांच्या कल्पनेतली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क देशाने पुढे २००५ साली कायद्यात आणला, त्याची पहिली वाट इथल्या बायकांनी खडीच्या ढिगाऱ्यांवर बसून घडवली. हे वाक्य मी छातीठोकपणे म्हणते.

तिसरा काळ आपला. इथे थोडं थांबते, कारण तो काळ या सभागृहाबाहेर आत्ता चालू आहे. या क्षणी जिल्ह्यातली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर आहेत. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची, टायरगाडीवर संसार लादायचा, पाचटाची कोपी बांधायची, नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. पहाटे अंधारात तोड सुरू, बाईच्या डोक्यावर मोळी, रात्री-बेरात्री ट्रक भरायचा. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दुखण्यासाठी खाडा कोण मंजूर करणार? २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली, खाडा टाळायला गर्भपिशवीच काढून घेण्याच्या प्रकारांवर, समिती नेमली गेली. त्या वेळी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कितीतरी जणींचं वय पस्तिशी-चाळिशीच्या आतलं.

१३,८६१. हा आकडा वर्तमानपत्रात एक दिवस छापून आला. सिनेमात तो कसा आणायचा? आकडा दाखवता येत नाही, बाई दाखवता येते. आणि एकटी बाई दाखवली की लोक म्हणतात, बिचारी. मला ती बिचारी दाखवायची नाही. १९७२ सालची हातोडा उचलणारी बाई तिच्या शेजारी आली, १९४८ सालची घागर उचलणारी तिच्या शेजारी आली, की प्रश्न बदलतो. या बाईचं काय झालं, एवढ्यावर प्रेक्षक थांबत नाही. एवढ्या वर्षांत हिच्या वाकलेल्या पाठीवर कोण कोण उभं राहिलं, असं तो विचारू लागतो.

पण इथेच या पद्धतीचा मोठा धोका आहे, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते. घागर, हातोडा, कोयता. तीन काळांतले तीन हात वर जाताना एकापाठोपाठ एक दाखवले की पडदा सुंदर दिसतो. टाळ्या मिळतात. आणि प्रेक्षक मनात म्हणतो, पूर्वीपासून असंच आहे, असंच चालायचं. झालं! ज्यांनी ऊस गाळला, ज्यांनी गर्भपिशव्या काढल्या, ज्यांनी पाहूनही काणाडोळा केला, त्या सगळ्यांची एका सुरेख दृश्याने सुटका होते. दुःखाला अनादि ठरवलं की त्याला जबाबदार कुणीच उरत नाही.

म्हणून गुंफण करताना साम्यापेक्षा फरक जपावा लागतो. १९७२ला धान्य नव्हतं, पण बऱ्याच विहिरींना थोडंफार पाणी होतं. २०१३ आणि २०१६ला बाजारात धान्य होतं, पाणीच नव्हतं. तेव्हा विहिरीचा तळ फोडायचा, आता कित्येक शे फूट बोअर मारायची आणि धूळ वर आलेली बघायची. हा फरक आकाशातून पडला नाही. जमिनीखालचं पाणी कुणी उपसलं, कशासाठी उपसलं, कोणत्या पिकाला दिलं, याचा तो हिशेब आहे. ज्या उसाने एका भागातलं पाणी प्यायलं, त्याच उसाच्या फडात दुसऱ्या भागातल्या कोरडवाहू माणसाला कोयता धरावा लागतो. १९७२ची बाई गावाजवळच्या कामावर सरकारी मस्टरवर होती. तिचं नाव कुठेतरी लिहिलेलं होतं, मजुरीसाठी ती भांडू शकत होती. आजची बाई मुकादमाच्या वहीत कोयत्याचा अर्धा भाग आहे. हे साम्य आहे की घसरण? चित्रपटाने हे प्रेक्षकाला दिसू द्यायला हवं, आणि ते शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

आणखी एक फरक. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली ८०७ होत्या. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. दुष्काळाने हे केलेलं नाही. सोनोग्राफीचं यंत्र १९७२ला आपल्या गावांत नव्हतं. अशा चित्रपटात सर्वांत आधुनिक वस्तू सर्वांत क्रूर ठरते, आणि काळ पुढे सरकतो म्हणजे सुधारतोच, हा आपला भाबडा समज तिथे मोडतो.

मग शेवट? तिसऱ्या काळातल्या मुलीपुढे काय ठेवायचं? गव्हर्नरची आगगाडी आपल्याकडे येणार नाही. मंत्री येऊन घोषणा करतो, असा शेवट तर मी कुणालाही करू देणार नाही. पण काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या पुरेशा आहेत. आई-बाप फडावर गेल्यावर पोरांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं आहेत, अपुरी आहेत, पण आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहांची योजना आहे. एखादी मुलगी दसऱ्यानंतर टायरगाडीत चढत नाही, आजीजवळ राहते, दहावीचा फॉर्म भरते. मला एवढा शेवट पुरेल. पांडुरंगने गाठोडं नाकारलं, तिने कोयता नाकारला. तो नाकारणं तिला परवडेल अशी व्यवस्था गावाने उभी केली की नाही, हे पाहण्यासाठीच तर आधीचे दोन काळ दाखवायचे.

करणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना करते आणि थांबते. तिन्ही काळांतली माणसं एकाच घराण्याची करू नका. आजी, आई, नात असा सोपा धागा आला की गोष्ट घरगुती होते आणि जिल्हा बाहेर राहतो. ग्रिफिथने रक्ताचं नातं वापरलं नाही, तुम्हीही वापरू नका. भाषा पुण्याची नको. केजची, आष्टीची, परळीची बोली एकसारखी नाही हे इथल्या पोरांनाच कळतं, आणि १९४८च्या पात्रांच्या तोंडी उर्दूचे शब्द सहज आले पाहिजेत. संगीत कमीत कमी ठेवा. कोयत्याचा आवाज, खडीवर पडणाऱ्या हातोड्याचा आवाज, रहाटाचा आवाज हे नीट ध्वनिमुद्रित केले तर एका काळातला आवाज दुसऱ्या काळात नेता येतो. ग्लासच्या संगीताने जे केलं, ते इथे कामाचे आवाज करतील.

आणि हे सगळं करायला आधी माणसं हवीत. १९४८ साली जी पोरं पंधरा वर्षांची होती, ती आज नव्वदी ओलांडून गेली आहेत. खडी फोडलेल्या बायका सत्तरीपुढे आहेत. त्यांचं बोलणं फोनवरही रेकॉर्ड करता येतं. फक्त त्यांना “तेव्हा कसं वाटलं” असं विचारू नका. मजुरी किती मिळाली, मस्टर कोण लिहायचं, मिलोची भाकरी थापता यायची का, पाणी किती लांबून आणलं, गाव सोडून कोण गेलं आणि कोण परत आलं, हे विचारा. वाटणं आपोआप येईल.

फडावरची माणसं हंगाम संपून पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी येतील. तोवर कोणत्या गावात कुणाला भेटायचं याची यादी तयार होऊ शकते. इथल्या महाविद्यालयांतल्या ज्या मुलामुलींना हे काम करायचं आहे, त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबावं. नाव, गाव आणि तालुका एवढंच लिहून घेणार आहे. आष्टी, पाटोदा आणि शिरूरची मुलं असतील तर त्यांनी आधी यावं, तिकडे जाणारी शेवटची गाडी लवकर सुटते.